चुलीपुढची भाषा

कशा आहात? आमच्या अहिराणीत विचारायचं तर, कश्या शेतस?

मागच्या आठवड्यात शहादा तालुक्यातल्या एका ताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, "ताई, माझा पोरगा क्रिकेट लागलं की जेवायलाही उठत नाही. त्यातले दक्षिण आफ्रिकेचे खेळाडू मैदानात एकमेकांशी भलतंच काही बोलतात. इंग्रजी तर वाटत नाही. पोरगा म्हणतो, ती त्यांची गावठी भाषा आहे. खरं का हो?"

ताईंचा प्रश्न मला फार आवडला, म्हणून आजचं बोलणं त्याच्यावरच. त्या भाषेचं नाव आहे आफ्रिकान्स. एबी डिव्हिलियर्स, फाफ ड्यू प्लेसी या खेळाडूंची ती घरची भाषा. समोरच्या संघाला कळू नये अशी गोष्ट सांगायला घरची भाषा बरी पडते. आपणही बाजारात भाव करताना शेजारणीशी हळूच आपल्या बोलीत बोलून घेतोच ना? तसंच ते.

आणि पोरगा म्हणाला तेही अगदीच खोटं नाही. या भाषेला खरोखरच लोक गावठी म्हणत होते. तिचं एक जुनं नाव होतं, स्वयंपाकघरातली भाषा. चुलीपुढे, मोलकरणींशी बोलायची भाषा, असं हिणवून म्हणायचे. ती तिथून कुठे पोचली आणि वाटेत काय झालं, ते आपल्या जिल्ह्यातल्या बायांनी ऐकण्यासारखं आहे.

आधी ती जन्मली कशी ते सांगते. आफ्रिका खंडाच्या अगदी दक्षिण टोकाला केप नावाचा भाग आहे. १६५२ साली हॉलंड देशाच्या व्यापारी कंपनीने तिथे ठाणं उभारलं. युरोपातून आपल्याकडे मसाले न्यायला येणाऱ्या जहाजांना मधे थांबून पाणी, भाजीपाला, मांस घ्यायची ती जागा. कंपनीचे लोक डच भाषा बोलायचे. तिथले मूळचे रहिवासी खोइ लोक, गुराढोरांचे मालक, त्यांची भाषा अगदी वेगळी. मग कंपनीने कामाला गुलाम आणले. कुठून? मादागास्करहून, इंडोनेशियाच्या बेटांवरून, आणि आपल्या भारतातूनही. बंगाल, मलबार, कोरोमंडल किनारा, इथली माणसं जहाजात घालून तिकडे विकली गेली.

त्यात बायाही होत्या. बंगालची अँजेला नावाची एक बाई १६५७ साली केपला पोचली. ठाण्याच्या मुख्य अधिकाऱ्याच्या घरी कामाला होती. १६६६ साली तिला गुलामीतून सोडलं, पुढे तिने एका युरोपीय माणसाशी लग्न केलं. तिचं खरं नाव काय होतं, ते कोणी लिहून ठेवलं नाही.

आता विचार करा. एका घरात मालकीण डच बोलते, स्वयंपाक करणारी मलाय बोलते, पोरं सांभाळणारी बंगाली बोलते, गुरं राखणारा खोइ बोलतो. संध्याकाळी सगळ्यांना जेवायला तर हवंच. मग प्रत्येक जण आपलं थोडं सोडतो, दुसऱ्याचं थोडं घेतो. मालकांची पोरं त्या बायांच्या अंगाखांद्यावर वाढली, त्यांच्या तोंडचं बोलणं शिकली. शेदीडशे वर्षांत डच भाषेपासून निराळं असं एक बोलणं तयार झालं. तेच आफ्रिकान्स.

म्हणून तिच्यात आजही चुलीचा वास आहे. केळ्याला ते पीसांग म्हणतात, तो मलाय शब्द. आंब्याच्या लोणच्याला आचार म्हणतात, तो आपल्याकडच्या अचारचाच भाऊ. केपकडच्या मुसलमान घरांत रोटी आणि समोसाही आहे. आणि पोरं सांभाळणाऱ्या बाईला शब्द आहे आया. आपण म्हणतो तीच आया. हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याकडेही दिला आणि तिकडेही.

आणखी एक गंमत. तिकडे वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. नात्याची नसली तरी तानी म्हणतात, म्हणजे मावशी. पुरुषाला ओअम, म्हणजे काका. वाक्याच्या शेवटी "ने?" असं लावतात, आपण "हो ना?" म्हणतो त्या अर्थाने.

आता व्याकरणाचं थोडं. घाबरू नका, सोपं आहे. मराठीत बाई म्हणते मी करते, पुरुष म्हणतो मी करतो, दुसऱ्याला म्हणायचं तू करतोस किंवा तू करतेस. अहिराणीत काय? मी करस, तू करस, तो करस, ती करस. बाई असो की पुरुष, एकच करस. मराठीत मी आहे, तू आहेस. अहिराणीत मी शे, तू शे, तो शे. शाळेत आमचे गुरुजी म्हणायचे, अहिराणीला व्याकरणच नाही, म्हणून सगळीकडे एकच. आता आफ्रिकान्स ऐका. एक इस, म्हणजे मी आहे. येय इस, तू आहेस. हेय इस, तो आहे. सगळीकडे इस. डच भाषेत ही रूपं वेगवेगळी होती, आफ्रिकान्सने ती सोडून दिली. तिलाही डच पंडित हेच म्हणायचे की हिला व्याकरण नाही. पण तिचे स्वतःचे नियम पक्के आहेत. उदाहरणार्थ, नकार द्यायचा तर पुष्कळ वाक्यांत नाही हा शब्द दोनदा येतो. "मी आफ्रिकान्स बोलत नाही" हे सांगायचं तर म्हणतात, "एक प्राट नी आफ्रिकान्स नी." शेवटचं नी विसरलात तर वाक्य अर्धवट वाटतं. असा नियम पाळणाऱ्या भाषेला व्याकरण नाही कसं म्हणायचं? रूपं कमी असणं म्हणजे व्याकरण नसणं नव्हे.

ही बोली कागदावर कोणी उतरवली? गोऱ्या मालकांचा कागद त्या वेळी डच भाषेतच होता. केपमधल्या मुसलमानांनी, ज्यांचे आजे-पणजे गुलाम म्हणून आले होते त्यांनी, आपल्या मदरशांतल्या पोरांना धर्म शिकवायला ती अरबी लिपीत लिहायला घेतली. अबू बकर एफेंदी नावाच्या मौलवींचं असं एक पुस्तक १८७७ साली इस्तंबूलला छापलं गेलं. गोऱ्या लोकांपैकी काही जणांनी १८७५ साली पार्ल या गावी मंडळ काढलं आणि पुढच्या वर्षी या भाषेत वर्तमानपत्र सुरू केलं. त्यांच्याच शिकलेल्या भाऊबंदांनी त्यांची टर उडवली.

मग आलं युद्ध. १८९९ ते १९०२. एका बाजूला इंग्रज, दुसऱ्या बाजूला बोअर, म्हणजे ही भाषा बोलणारे गोरे शेतकरी. इंग्रजांनी त्यांची शेतं जाळली, आणि बायका-पोरांना छावण्यांत कोंडलं. अन्न अपुरं, गोवर, ताप. सव्वीस हजारांच्या वर बायका-मुलं त्या छावण्यांत मेली, त्यात पोरंच जास्त. काळ्या लोकांच्या वेगळ्या छावण्या होत्या, तिथेही हजारो गेले, त्यांची मोजदादही नीट झाली नाही. एमिली हॉबहाउस या इंग्रज बाईने तिथे जाऊन हे डोळ्यांनी पाहिलं आणि १९०१ साली स्वतःच्याच सरकारविरुद्ध लिहिलं.

आणि पकडलेले बोअर सैनिक कुठे ठेवले, माहीत आहे? हजारो जण जहाजाने हिंदुस्थानात आणले. त्यातली एक छावणी आपल्या महाराष्ट्रात होती, अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला. ज्या किल्ल्यात पुढे पंडित नेहरूंना कैदेत ठेवलं, तोच किल्ला. म्हणजे जी भाषा तुमचा पोरगा टीव्हीवर ऐकतो, ती सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या नगरच्या मातीत बोलली गेली आहे.

युद्ध संपलं, इंग्रज जिंकले. त्यांनी शाळांत इंग्रजी आणली. घरची भाषा बोलणाऱ्या पोरांना शिक्षा व्हायच्या, लाज वाटेल असं वागवायचे. त्या अपमानातून लोक पेटले. आया घरी पोरांना आपल्या भाषेत गोष्टी सांगत राहिल्या, लेखक लिहीत राहिले. १९१४ पासून शाळांत आफ्रिकान्स आली. १९२५ साली ती सरकारी भाषा झाली. १९३३ साली तिच्यात बायबल आलं. मग विद्यापीठं, कायद्याची पुस्तकं, डॉक्टरकीचं शिक्षण. चुलीपुढची भाषा पन्नास वर्षांत न्यायालयात जाऊन बसली.

इथे गोष्ट संपली असती तर मी म्हटलं असतं, बायांनो, बघा, आपणही असंच करू. पण पुढचं ऐका.

१९४८ साली याच लोकांच्या पक्षाच्या हाती सत्ता आली. त्यांनी काळ्या आणि गोऱ्या माणसांची वस्ती वेगळी, शाळा वेगळी, बसायचं बाकडंही वेगळं केलं. त्या धोरणाचं नाव अपार्टहेट, म्हणजे वेगळेपण. हा शब्दही आफ्रिकान्सच. आणि १९७४ साली त्यांनी फर्मान काढलं की काळ्या मुलांच्या शाळांत गणितासारखे निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकवायचे. मुलांच्या घरी झुलू, सोथो, त्स्वाना अशा भाषा. शिक्षकांनाही आफ्रिकान्स धड येत नव्हती. गणित समजायचं की भाषा?

१६ जून १९७६. सोवेटो या वस्तीतली हजारो शाळकरी मुलं गणवेश घालून रस्त्यावर आली. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. हेक्टर पीटरसन नावाचा १२ वर्षांचा मुलगा गेला. पुढच्या काही महिन्यांत शेकडो जण मारले गेले. तिथे १६ जून हा दिवस आजही पाळतात.

मैत्रिणींनो, ज्यांच्या आज्यांना शाळेत घरच्या भाषेपायी लाज वाटायला लावली, त्यांच्याच नातवंडांनी ती भाषा दुसऱ्यांच्या पोरांवर लादली. मधे किती वर्षं गेली? सत्तर-पंच्याहत्तर. सासूने छळलं म्हणून सुनेला छळणारी बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. भाषेचंही तसंच होतं.

आता मी आपल्या जिल्ह्याकडे येते.

नंदुरबारच्या बसस्थानकावर सकाळी अर्धा तास उभं राहा. अहिराणी ऐकू येईल, भिलोरी ऐकू येईल, धडगावकडची पावरी, नवापूरकडची मावची आणि कोकणी, अक्कलकुव्याकडची देहवाली, गुजर बोली, गुजराती, हिंदी आणि मराठी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्यात शंभरातली जवळजवळ सत्तर माणसं आदिवासी आहेत. म्हणजे बहुतेक घरांत चुलीपुढे बोलतात ती भाषा शाळेच्या फळ्यावर नसते.

आता दोन आकडे सांगते. दक्षिण आफ्रिकेतही २०११ सालीच जनगणना झाली. तिथे आफ्रिकान्स घरची भाषा असणारे निघाले अडुसष्ट लाखांच्या वर. आणि आपल्या जनगणनेत भिली गटाच्या भाषा बोलणारे किती निघाले? एक कोटी चार लाख. यात महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान सगळे आले, पावरी आणि मावचीही आल्या. आफ्रिकान्सपेक्षा भिली बोलणारे जास्त! संथाली बोलणारे सुमारे चौऱ्याहत्तर लाख, ती २००३ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. भिली तिथे नाही. अठरा लाखांवर लोकांची खानदेशी, जिच्यात आपली अहिराणी मोजतात, तीही नाही. तेव्हा "एवढीशी बोली, तिचं काय" असं कोणी म्हणालं तर हे आकडे सांगा.

लिहिणारेही आपल्यात झाले आहेत. बहिणाबाई चौधरींना अक्षर येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या खानदेशातल्या आपल्या लेवा बोलीत रचायच्या, डोळ्याला डोयाच म्हणायच्या. त्यांच्या मुलाने ते लिहून घेतलं, आणि त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक आलं. आज सगळा महाराष्ट्र ते वाचतो. शहाद्याकडचे वाहरू सोनवणे यांचा भिली कवितांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ साली आला. म्हणजे वाट पडलेली आहे.

पण आफ्रिकान्सच्या गोष्टीतला दुसरा अर्धा भागही आपल्याला लागू आहे. तो सांगताना मला माझीच गोष्ट सांगावी लागेल.

मी अहिराणी घरातली. पुण्याला पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानात "माले" म्हणून गेले आणि दोन मुली हसल्या. ते हसू मी वीस वर्षं विसरले नाही. नंतर मला सातपुड्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडीचं काम मिळालं. तिथे चार वर्षांची एक पोर यायची. पावरी बोलणाऱ्या घरची. मी मराठीत गाणी म्हणायचे, ती नुसती बघायची. महिना झाला तरी शब्द नाही. मी तिच्या आईला म्हटलं, "पोर मंद वाटते, दवाखान्यात दाखवा." आणि वर हेही म्हटलं, "घरी मराठी बोलत जा जरा. हे जंगलातलं बोलणं पुरे."

एक दिवस मला यायला उशीर झाला. मदतनीस बाई त्याच पाड्यावरची. मी दारात पोचले तर आतून एक पोर न थांबता बोलत होती. कोंबडीचं काहीतरी सांगत होती, हात हलवून, डोळे मोठे करून. तीच ती. मी आत पाऊल टाकलं आणि ती गप्प झाली.

पुण्याच्या त्या मुली नुसत्या हसल्या होत्या. मी तर एका आईला तिची पोर मंद आहे म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मदतनीस बाईंना म्हटलं, आता मला शिकवा. पाणी पाहिजे का, भूक लागली का, पोट दुखतं का, घरी कोण आहे, एवढं आधी शिकले. माझे उच्चार ऐकून पोरं खो खो हसायची. हसू दे म्हटलं. त्या पोरीच्या आईची मी माफी मागितली. पोर पुढे मराठी शिकली, चांगली शिकली. आधी तिला तिच्या भाषेत कोणीतरी ऐकायला हवं होतं, एवढंच.

म्हणून आज चार गोष्टी सांगते. पैसा लागत नाही.

पहिली, घरात पोराशी घरच्या भाषेत बोला. तुमच्या तोंडून जी गोष्ट, जे गाणं सहज येतं, तेच त्याला द्या. मराठी, इंग्रजी ते शिकेलच, शिकायलाच हवं, नोकरी आणि कोर्टकचेरी त्यात आहे. पण एक भाषा पक्की असली की दुसरी तिच्यावर उभी राहते.

दुसरी, पोर अंगणवाडीत किंवा पहिलीत घालाल तेव्हा ताईंना, गुरुजींना आपणहून सांगा की आमच्या घरी अमुक भाषा बोलतो. रोजच्या कामाचे दहा-पंधरा शब्द लिहून द्या. बहुतेक शिक्षकांना हे हवंच असतं, विचारायचं कोणाला ते कळत नाही.

तिसरी, आजीच्या तोंडची गाणी, लग्नातली, होळीची, बाळाला निजवायची, वहीत लिहून घ्या. देवनागरीत, जसं ऐकू येतं तसं. शुद्ध-अशुद्ध बघू नका. मोबाइलवर आवाज भरून ठेवला तरी चालेल. बहिणाबाईंच्या मुलाने लिहून घेतलं नसतं तर आज आपल्याकडे काय राहिलं असतं?

चौथी गोष्ट सगळ्यांत अवघड. दवाखान्यात, बँकेत, बाजारात डोंगरावरची बाई तिच्या भाषेत बोलली तर हसू नका, आणि कोणी हसलं तर गप्प बसू नका. तिच्या भाषेतले चार शब्द शिका. आपल्याला कोणी हसलं होतं हे आठवा, म्हणजे जमेल.

शेवटी आफ्रिकान्सचं काय झालं ते सांगून थांबते. नेल्सन मंडेला २७ वर्षं तुरुंगात होते. ज्यांनी कोंडलं त्यांची ही भाषा ते तिथे मुद्दाम शिकले, पहारेकऱ्यांशी त्या भाषेत बोलले. १९९४ साली ते राष्ट्राध्यक्ष झाले. पहिल्या लोकशाही संसदेतल्या भाषणात त्यांनी एका आफ्रिकान्स कवयित्रीची कविता वाचली. इंग्रिड योंकर तिचं नाव. पोलीस-सैनिकांच्या गोळीने मेलेल्या एका काळ्या बाळावर तिने ती लिहिली होती. भाषा जुलमाला वापरली तशी ती जुलमाविरुद्धही वापरता येते, हे त्या बाईने दाखवलं. १९९६ च्या घटनेत तिथे अकरा भाषा सरकारी झाल्या, झुलू, सोथो, त्स्वाना आणि आफ्रिकान्सही. २०२३ साली मुक्या-बहिऱ्यांची खुणांची भाषा बारावी झाली. आज आफ्रिकान्स बोलणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा इतर रंगाचे लोक जास्त आहेत. त्यातले कितीतरी त्या जुन्या गुलाम बायांचे वंशज.

तर फोन करणाऱ्या ताई, तुमच्या पोराला सांगा, हो, ती भाषा एकेकाळी गावठीच म्हणायचे. आणि मग त्याला विचारा, आपली गावठी तुला किती येते रे?

पुढच्या आठवड्यात तुमच्या वहीतली गाणी ऐकायची आहेत. फोन करा, कोणत्याही भाषेत बोला. आता येते मी. नाही, आपलंच बोलूया. येस मी.